चार वाजताची म्हैस

"आज पाव्हण्यांम्होरं त्या पेटीचं नाव जरी काढलंत, तर पेटी वलवणच्या धरणात! आन् तिच्या मागनं मी!" सरुबाई म्हणाली.

"मागनं तू कशाला?" रखमाजीने विचारले.

"पेटी बुडली का न्हाई ते बघाया!"

यावर रखमाजी वाळुंज गप्प बसला. गप्प बसला म्हणजे तोंडाने. बोटे त्याची कधीच गप्प बसत नसत. लोणावळा स्टेशनात तारबाबू म्हणून अठरा वर्षे काढलेला माणूस तो. हाताखाली पाट असो, पितळी असो नाहीतर झोपलेल्या मांजराची पाठ असो, त्याची बोटे त्यावर कट्ट-कड, कट्ट-कड करीत राहायची. आज तर ती ऐकतच नव्हती, कारण दुपारचे साडेतीन वाजले होते आणि चार वाजता त्याला हवेत हजर राहायचे होते.

हे हवेतले प्रकरण नीट सांगायला हवे. पेटी म्हणजे रखमाजीचे बिनतारी यंत्र. स्टेशनात हमाल म्हणून लागला तेव्हा सिग्नल खात्यातल्या पिंटोसाहेबांनी त्याला पुठ्ठ्याच्या नळीवर तांब्याची तार गुंडाळायला शिकवली आणि म्हातारपणी आपले कानाला लावायचे यंत्रही देऊन टाकले. साहेब गेले, पण त्यांनी लावलेला नाद काही गेला नाही. पगार आला की घरात आधी तार यायची, मग तूरडाळ. अशी वीस वर्षे खपून त्याने हवेतून टकटक पाठवणारी पेटी उभी केली होती. सरकारी परवान्यासाठी चार वर्षांपूर्वी अर्जही केला होता. अर्ज कुठे गेला देव जाणे, पण रखमाजीला दम कुठला निघायला! तो बिनपरवाना बोलू लागला. पकडला असता तर नोकरी गेलीच होती, म्हणून हवेत नाव सांगायचे नाही, गाव सांगायचे नाही. हवेत तो 'डोंगर' होता.

आणि दोन वर्षांपासून रोज दुपारी चारला डोंगराशी बोलायला एक 'मिरची' यायची. हा मिरची कोण, कुठला, काही पत्ता नाही. इंग्रजी अक्षरांत मराठी टकटक करायचा आणि सदा भांडायचा. आदल्या दिवशी त्याने डोंगराच्या यंत्राला "गळका पोहरा" म्हटले. रखमाजीने चिडून उलट टकटकले, "तुझा हात आहे की म्हशीचा पाय?" आणि उत्तर न ऐकताच पेटी बंद केली. आता चारला मिरची काय बोलणार, या विचाराने त्याला सकाळपासून भाकर गोड लागली नव्हती.

पण घरात पाहुणे यायचे होते! कस्तुराला, त्याच्या एकुलत्या एका पोरीला, बघायला. याआधीची दोन स्थळे पेटीपायी गेली होती. पहिल्या पाहुण्याने पागोटे ठेवायला म्हणून पेटीवर हात टेकला आणि असा झटका खाल्ला की पागोटे तिथेच टाकून त्याने स्टेशन गाठले. दुसऱ्या वेळी देण्याघेण्याची बोलणी ऐन रंगात असताना रखमाजी "आलोच" म्हणून उठला, तो कानाला यंत्र लावून तासभर आत बसला. पोर अठराची झाली होती. भावकी कुजबुजत होती, "बापाला येड लागलंय, पोरीत बी उतरलं असंल." त्याची पोर म्हणजे त्याचा जीव होता. म्हणून आज सरुबाईने छपरावरची तार उतरवून त्याच तारेने सरपणाची मोळी बांधली, पेटी कणगीमागे कोंबून वर घोंगडे टाकले, तरी तो काही बोलला नाही.

वडीलधारे म्हणून दत्तोबा केदारींना बोलावले होते. दत्तोबा म्हणजे स्टेशनातले जुने तारमास्तर, सगळ्यांचे आबा. त्यांनीच रखमाजीला पितळी झाकणावर तारेच्या भाषेतली टिंब आणि रेघ शिकवली होती. चुकला की बोटांवर पट्टी बसायची. त्यांचा एकच नेम होता, "रखमा, तोंडानं काय बी बोल, पर तारंत खोटं जाऊ द्यायचं न्हाई." हा नेम रखमाजीने देवासारखा पाळला होता.

पावणेचारला शिरगावची मंडळी आली. नवरदेव भिमाजी तळेगावच्या काच कारखान्यात कामाला होता. शांत, खाली मान घालून बसणारा मुलगा. त्याचे वडील मारुतराव गराडे मागल्या लढाईत पलटणीबरोबर बसऱ्याला जाऊन आलेले, धिप्पाड गडी. आई नंदाबाई आल्या आल्या माजघरात सरुबाईकडे गेली. बाहेर सोप्यात पोह्यांच्या पितळ्या आल्या.

"परवास बरा झाला न्हवं?" रखमाजीने विचारले.

"झाला." मारुतरावांनी बंडीतून घड्याळ काढून बघितले.

"यंदा पाऊसपानी?"

"आजून उन्हाळा हाये."

"व्हय, व्हय. उन्हाळा हाये."

झाले, बोलणे संपले. मारुतरावांनी पुन्हा घड्याळ बघितले. नवरदेवाने पोह्यातले शेंगदाणे मोजल्यासारखे बाजूला केले. रखमाजीला दरदरून घाम फुटला. पाहुण्याला काही बसायचे मन दिसत नाही, हे स्थळही गेलेच म्हणायचे! तेवढ्यात घाटाखालून चारच्या मालगाडीची शिटी ऐकू आली आणि त्याचा जीव कणगीमागे धावला.

दत्तोबांनी आपल्या शिष्याची घालमेल ओळखली. त्यांनी अडकित्ता पानाच्या डब्यावर सहज ठेवावा तसा ठेवला आणि टकटकले, "घाम पूस."

रखमाजीला केवढा आधार वाटला! अंगठी घातलेले बोट त्याने तांब्यावर आपटले, "चार वाजले."

"वाजू दे."

"व्याही घड्याळ बघतो. नापसंत."

"गाडीची काळजी असेल."

"मिशी बघा. डावी वर, उजवी खाली."

दत्तोबांना ठसका लागला. मारुतराव घास घ्यायचे थांबले. रखमाजीला त्याचे काय! एकदा बोट सुटले की त्याला धरबंद राहत नसे. माणूस तोंडाने जे चार जन्मात बोलणार नाही, ते तो बोटाने बोलायचा. त्याने पुढे रेटले, "तिकडे मिरची वाट बघत असेल. म्हशीचा पाय आपटत."

मग पितळीच्या काठावर टकटक झाली. दत्तोबांचा अडकित्ता डब्यावर होता. रखमाजीचे बोट तांब्यावर होते. टकटक मारुतरावांच्या पितळीतून येत होती.

"म्हैस इथे बसली आहे. मिशीचं नंतर बघू."

तारेवरच्या माणसाचा हात हा त्याच्या चालीसारखा असतो, लपवता येत नाही. दर तिसरी रेघ लंगडत येणारा हा हात रखमाजीने दोन वर्षे रोज ऐकला होता. झोपेतही ओळखला असता! त्याच्या हातून तांब्या कलंडला आणि पाणी सरळ व्याह्यांच्या धोतरावर गेले.

"आगं बया!" दारातून सरुबाईचा आवाज आला.

मारुतरावांनी अर्धी पितळी बाजूला सरकवली. सोयरिकीला आलेल्या पाहुण्याने पोहे टाकले की काय समजायचे ते सगळ्या मावळाला ठाऊक आहे. वर ते मोठ्याने म्हणाले, "शिरगावकडं जायाला गाडी कितीला हाये?"

आतून नंदाबाई ओरडली, "आवो, पोरगी बघायची हाये आजून! आन् खबरदार घरच्या त्या खटपटीचा विषय काढलात तर!"

आता रखमाजीला कळले. बसऱ्याला व्याही पलटणीच्या तारेवर असणार. त्याही घरात पेटी होती, आणि त्याही घरात एक सरुबाई होती. म्हणजे तोंडाने काही बोलायची सोय दोघांनाही नव्हती. मारुतरावांनी गडूभर पाणी प्यायल्याचा बहाणा केला आणि गडूवर वाजवले, "हात चांगला आहे म्हण. मग बसतो."

रखमाजीचे बोट हवेत थांबले. एवढे दोन शब्द टकटकले की पोरीचे लग्न ठरत होते! पण तो हात चांगला नव्हता हो. तो खरेच म्हशीचा पाय होता. त्याने दत्तोबांकडे बघितले. दत्तोबांनी अडकित्ता खाली ठेवला आणि तोंड भिंतीकडे फिरवले. म्हातारा म्हणत होता, बाबा, आज तू खोटं पाठव, मी ऐकत नाही. बोटांवर पट्ट्या मारणारा गुरू त्याच्या पोरीसाठी जन्माचा नेम मोडायला तयार झाला, हे बघून रखमाजीला भडभडून आले. आत कस्तुराच्या बांगड्या वाजल्या.

मनाचा हिय्या करून त्याने पालथ्या तांब्यावर बोट ठेवले.

"हात वाईटच आहे," त्याने टकटकले. मारुतराव उठायला लागले. "पण दोन वर्षं रोज मी त्याचीच वाट बघतो."

मारुतराव अर्धवट उठलेले तसेच राहिले. त्यांची वर गेलेली डावी मिशी हळूहळू खाली आली आणि उजवीच्या बरोबरीला बसली. ते खाली बसले. लंगडत, अडखळत गडू वाजला.

"मी पण."

मग त्यांनी पितळी ओढली, उरलेले पोहे चार घासांत फस्त केले आणि मांडीवर थाप मारून गर्जना केली, "पोरगी पसंत!"

"आवो, पर बघितली कुटं?" नंदाबाई डोक्यावरचा पदर सावरत दारात आली.

"हात बघितला," मारुतराव बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

"कुनाचा हात?"

दत्तोबा सुपारी शोधू लागले. रखमाजीने धोतराच्या सोग्याने सांडलेले पाणी पुसायला घेतले. तेवढ्यात सरुबाई पुढे आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "म्हशीचं मिटलं न्हवं? मिशीचं काय ठरलं?"

टकटकणाऱ्या तिघांनीही माना वर केल्या. पिंटोसाहेबांचे भूत दारात उभे राहिले असते तरी ते इतके दचकले नसते.

"तुला... तुला कसं ठावं?" रखमाजीने विचारले.

"कस्तुरा सांगती मला. तुमचं ऐकून ऐकून शिकली, सात वर्सांची असल्यापासनं. तुमी बाहीर वाजवायचं, तिनं चुलीपाशी बसून मला वाचून दाखवायचं." ती मारुतरावांकडे वळली. "पाव्हणं, पेटी कणगीमागं हाये. चार वाजून गेले खरं, पर आज काढून तरी कुनाशी बोलनार? मानूस तर हितंच बसलाय."

नंदाबाईने कपाळावर हात मारला. "म्हंजी ह्या घरात बी त्येच?"

"त्येच, बाई."

"मग आमची पोरगी... न्हाई, तुमची पोरगी येऊ द्या बाहीर. आमच्यासारखीच गांजलेली दिसतीय बिचारी."

कस्तुरा चहा घेऊन आली. बिचारी वगैरे काही दिसत नव्हती, चांगली गालात हसत होती. सगळ्यांना कप दिल्यावर ती भिमाजीपुढे थांबली आणि भावकीने ऐकले असते तर बोटे तोंडात घातली असती असे सरळ विचारून बसली, "तुमास्नी येतं का हो हे टकटक?"

भिमाजीने पहिल्यांदाच मान वर केली. "न्हाई. घरात एक हाये तेवढं लय झालं."

"मग चालंल," कस्तुरा म्हणाली.

सुपारी फुटली, कुंकू लागले, पाहुणे सहाच्या गाडीने गेले. जाताना दोघे व्याही फलाटावर एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते आणि तोंडाने एक अक्षर बोलत नव्हते. खांद्यावरची बोटे मात्र चालू होती. सरुबाईने मोळीची तार स्वतः सोडून छपरावर बांधली. रखमाजीला वाटले, आपल्यासारखा सुखी माणूस अख्ख्या मावळात नाही.

दिवेलागणीला तो जेवायला बसला. शेजारी दत्तोबाही होते. पहिला घास पोटात गेला आणि सवयीने त्याचे बोट पितळीच्या काठावर गेले. समोर कस्तुरा भाकरी वाढत होती. चुलीपाशी सरुबाई हातातले उलथणे थांबवून कान देऊन बसली होती. आणि एकाएकी रखमाजीला आठवले की गेली अकरा वर्षे जेवताना दत्तोबांना आणि नंतर पेटीवर मिरचीला आपण काय काय कळवले आहे. आमटीला पाणीच जास्त. आमटीत मीठ पडलंय की मिठात आमटी. सासूच्या हाताची चव हिला कुठली!

त्याने पाचही बोटे मुठीत आवळली.

"आमटी झ्याक झालीया हां आज!" तो घर दणाणेल अशा आवाजात म्हणाला.

"व्हय का?" चुलीपासून सरुबाई म्हणाली. "आज पिठलं केलंय."