पुन्हाएकदा सरांचा प्रभाव

विज्ञानाची प्रगती मोजता आली नाही, तर ती झाली असे कोणालाच म्हणता येत नाही. आणि मोजता आली, तर ती झालीच पाहिजे असा कोणाचा आग्रह राहत नाही. या तत्त्वावर आमच्या संस्थेत प्रभाव मोजमाप कक्ष स्थापन झाला. मी त्याचा सचिव. कक्षात मी, एक संगणक आणि एक कपाट असे तिघे काम करतो (कपाट बंद असते, त्याची किल्ली आधीच्या सचिवांबरोबर निवृत्त झाली).

कामाचे स्वरूप सोपे आहे. एका संशोधकाच्या शोधनिबंधाचा दुसऱ्या संशोधकाने आपल्या निबंधाच्या शेवटी, संदर्भांच्या यादीत, उल्लेख केला की त्याला एक उद्धरण म्हणतात. अशी उद्धरणे मोजायची. निबंध वाचायचे नाहीत. वाचल्याने मोजणाऱ्याच्या मनात मत तयार होते आणि मोजणीत चूक होते.

आमच्या रसायनशास्त्र विभागात एक सर होते. कुठल्याही प्रयोगाचे फळ हाती आले की ते म्हणत, "पुन्हा एकदा करून बघू." म्हणून त्यांचे नाव पुन्हाएकदा सर पडले. या सवयीमुळे बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांचे फक्त अकरा निबंध झाले. त्यांच्या शेजारच्या खोलीतले प्राध्यापक तेवढे एका पावसाळ्यात करत.

अकरापैकी दहा निबंध बिनचूक होते. ज्यांनी ज्यांनी ते प्रयोग करून पाहिले, त्यांना तेच फळ मिळाले. या दहांची एकूण उद्धरणे एकोणीस, त्यांपैकी सात सरांची स्वतःचीच. यात नवल नाही. बरोबर निबंधावर बोलण्यासारखे कोणाकडे काय उरते?

अकराव्याची गोष्ट वेगळी. औषधे बनवताना दोन विशिष्ट रसायने एकमेकांना जोडावी लागतात आणि त्यासाठी पॅलेडियम नावाचा दुर्मीळ धातू लागतो. सरांनी लिहिले की धातूची गरज नाही. मिठासारखी दिसणारी एक साधी पांढरी भुकटी टाकली तरी शंभरातले एक्क्याण्णव भाग जोडले जातात. तेव्हा वरिष्ठांनी वर्षअखेरीच्या आत निबंध मागितला होता, त्यामुळे प्रयोग तीनदाच झाला. सरांच्या हिशेबी हे उतावीळपणाचे टोक होते.

या एका निबंधाला चारशे बारा उद्धरणे मिळाली. कक्षाने केलेले वर्गीकरण असे:

"आम्हांला हे फळ मिळाले नाही" असे सांगणारी – दोनशे एकतीस.
इतरांच्या यादीतून जशीच्या तशी उतरवलेली – शहाण्णव.
आमच्याच संस्थेतील सहकाऱ्यांनी स्नेहापोटी केलेली – एकसष्ट.
विषयाशी संबंध नसलेली (एक सिमेंटवर, एक शेळीच्या दुधावर) – चौदा.
निबंध वाचल्याचा संशय घ्यायला जागा असलेली – दहा.

आमची संस्था क्रमवारीत एकसष्टावरून सत्तेचाळीसावर आली ती या निबंधाच्या खांद्यावर बसून. सरांना कोपऱ्यातली मोठी प्रयोगशाळा मिळाली, दारावर पितळी पाटी लागली. सर त्या पाटीखालून जाताना मान खाली घालून जात. आम्ही त्याला विनय समजत होतो.

मग एक पत्र आले. दूरच्या एका विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या मुलीचे. तिने लिहिले होते, "सर, तुमचा प्रयोग मी तीन वर्षे करते आहे. एकशे चाळीस वेळा केला. एकदाही जमला नाही. माझे मार्गदर्शक म्हणतात, तुझ्या हाताला गुण नाही, दुसरं काहीतरी कर. दुसरं काही करण्याआधी एकदा तुमच्यासमोर करून बघू का? माझ्या हातात काय चुकतं तेवढं सांगा."

सरांनी ते पत्र घरी नेले. त्यांच्या पत्नी शाळेत गणित शिकवतात. त्यांनी ते चष्मा लावून दोनदा वाचले आणि विचारले, "तिचं चुकत नसेल तर?"

"तर माझं चुकलंय."

"मग बोलवा की तिला. एवढी तीन वर्षं घालवली पोरीने, चार दिवस तुमचेही जाऊ द्या."

मुलगी आली ती पाठीवर स्वतःची भांडी, स्वतःची रसायने आणि एक जाड वही घेऊन. पहिल्या दिवशी तिने सरांच्या प्रयोगशाळेतल्या सामानाने प्रयोग केला. एक्क्याण्णव टक्के. ती आकड्याकडे बघतच राहिली आणि मग बाहेर जाऊन तोंड धुऊन आली. दुसऱ्या दिवशी तिच्या सामानाने केला. शून्य. तेव्हा सर म्हणाले, "थांब, आता तुझ्या सामानाने मी करतो." तेही शून्य.

"म्हणजे हाताचा प्रश्न नाही," सर म्हणाले.

तिने ते वाक्य वहीत उतरवून घेतले. तीन वर्षांनी प्रथमच हे कोणीतरी तिला सांगत होते.

मग दोघे एकेक वस्तू बदलत गेले. रसायने बदलली, पाणी बदलले, काचेचे चंबू बदलले. सगळे तिचे झाले तरी एक्क्याण्णव कायम. सरांच्या प्रयोगशाळेतली एकच वस्तू उरली: द्रावण आपोआप ढवळले जावे म्हणून चंबूच्या तळाशी टाकतात ती, बोटाच्या पेराएवढी, चुंबकाची कांडी. ती काढून मुलीची नवी पांढरीशुभ्र कांडी टाकली आणि जोडणी बंद पडली.

प्रयोगशाळेतली भांडी धुणाऱ्या मावशी दारात टॉवेलला हात पुसत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "ती करडी कांडी होय? ती तर तुमच्या जुन्या खोलीतली, तुमच्या आधीच्या सरांच्या वेळची. ते सारखं ते पॅलेडियमच घेऊन बसायचे. कितीही घासा, तिचा करडेपणा काही जात नाही. मी दोनदा विचारलं तुम्हाला, टाकून देऊ का म्हणून."

"मी काय म्हणालो?"

"म्हणालात, राहू द्या, हीच छान फिरते."

सर स्टुलावर बसले. कांडीच्या अंगात जुन्या प्रयोगांचे पॅलेडियम मुरले होते. जोडणी तेच करत होते; पांढरी भुकटी नुसती सोबतीला होती. सरांनी कांडी तळहातावर घेऊन सावकाश उलटसुलट केली आणि मुलीला म्हणाले, "एकशे चाळीस वेळा तू बरोबर होतीस. मी तीन वेळा चुकलो आणि लोकांनी माझं ऐकलं. मला माफ कर."

दुसऱ्या दिवशी त्यांनी निबंध मागे घेण्याचा अर्ज माझ्या टेबलावर ठेवला. मी नियमावली चाळली. निबंध वाढवण्याचे नमुने एक ते सतरा होते. कमी करण्याचा नव्हता. प्रकरण संचालकांकडे गेले. बैठकीचे इतिवृत्त मीच लिहिले, त्यामुळे ते खरे आहे.

संचालक म्हणाले, "अहो, तुम्ही चुकलात म्हणून तर चारशे बारा लोकांनी तुमची दखल घेतली. बरोबर असतात तर कोणी विचारलं असतं?"

"साहेब, लोकांची वर्षं वाया जातायत."

"त्यातून दोनशे एकतीस निबंध झाले. वाया कसली? तुम्ही निबंध मागे घेतलात तर आपण सत्तेचाळीसावरून थेट एकसष्टावर. तुमची ती मोठी खोलीही मग ठेवता येणार नाही."

"खोली घ्या."

संस्थेच्या इतिहासात खोली परत करायची तयारी दाखवल्याची ही पहिलीच नोंद होय. बैठकीला पुढे कसे जावे हे कोणालाच सुचेना.

अखेर मार्ग मी सुचवला. निबंध मागे घेण्याऐवजी सरांनी एक पानी खुलासा छापावा. खुलासा कशाचा आहे हे सांगायला त्यात मूळ निबंधाचा उल्लेख करावाच लागेल. म्हणजे उद्धरणे चारशे तेरा. संचालकांनी माझ्याकडे पाहिले. अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पूर्वी पाहिले नव्हते, नंतरही नाही. ठराव एकमताने मंजूर झाला. सरांनी विरोधात हात वर केला होता. तो मोजताना सुटला.

सरांनी खुलासा लिहिला. पहिले नाव त्या मुलीचे, दुसरे मावशींचे, शेवटचे स्वतःचे. मावशींच्या नावाला कार्यालयाने हरकत घेतली, कारण त्यांना संशोधक क्रमांक नव्हता. सर म्हणाले, "कांडी करडी आहे हे या इमारतीत एकट्या त्यांनी पाहिलं. निरीक्षण त्यांचं, नाव त्यांचं." मावशींना क्रमांक द्यावा लागला. त्यांचा प्रभाव निर्देशांक शून्य आला. आमच्या तीन वरिष्ठ प्राध्यापकांचा तेवढाच आहे.

एवढ्यावर सरांचे समाधान झाले नाही. त्यांनी चारशे बारा निबंधांच्या लेखकांना स्वतः बसून पत्रे लिहिली: 'सदर निबंध चुकीचा आहे. कृपया त्याचा यापुढे संदर्भ देऊ नये.' याचा परिणाम वर्षभरात दिसला. सत्तावन्न लेखकांनी 'संशोधकाचा प्रामाणिकपणा कसा असावा' याचे उदाहरण म्हणून मूळ निबंधाचा संदर्भ दिला. एकूण चारशे सत्तर. खुलाशाचे शीर्षक मूळ निबंधासारखेच असल्याने कोणी त्याचा संदर्भ दिला तरी संगणक तो मूळ निबंधाच्याच खाती टाकतो. खुलाशाला आजवर शून्य. आम्ही बेचाळीसावे झालो.

संस्थेने सरांना त्या वर्षीचे सर्वाधिक प्रभावी संशोधक म्हणून गौरवले. सत्काराला उत्तर देताना ते एवढेच म्हणाले, "हा निबंध चुकीचा आहे. वाचू नका." टाळ्या थांबेनात. शेजारचे प्राध्यापक मला म्हणाले, "किती साधा माणूस, नाही?" पहिल्या रांगेत सरांच्या पत्नी बसल्या होत्या. त्यांनी टाळी वाजवली नाही. घरी जाताना त्या सरांना म्हणाल्या, "वर्गात चुकीचं गणित पुसायला मला डस्टर लागतो. तुम्हाला तोही मिळाला नाही."

मुलीला पदवी मिळाली, दीड वर्ष उशिरा. तिच्या मार्गदर्शकांनी प्रबंधाच्या प्रस्तावनेत लिहिले की तिच्या हातांवर आपला पहिल्यापासून विश्वास होता. सध्या ती एका औषध कारखान्याच्या तपासणी विभागात आहे. तिथे तिचा संदर्भ कोणी देत नाही, पण ती नाही म्हणाली की ते औषध बाहेर जात नाही. तिने सरांना एकदा फोन करून विचारले, "सर, तुम्ही आता काय करता?"

"तुझ्या पानाच्या छायाप्रती काढतो," सर म्हणाले.

ते खरे होते. मोठी खोली संचालकांनी परत घेतली नव्हतीच. सर त्या खोलीत बसून खुलाशाच्या प्रती काढत आणि येईल त्याच्या हातात देत. माझ्या कपाटाच्या डोक्यावरही एक गठ्ठा आहे. मी तो वाचलेला नाही. कारण वर दिलेच आहे.

गेल्या महिन्यात पालकांसाठी संस्था एक दिवस खुली होती. दर्शनी भागात मोठा फलक होता, त्यावर पुरुषभर उंचीचे दोन आकडे: क्रमांक बेचाळीस आणि उद्धरणे चारशे सत्तर. फलकाखाली सर टेबल टाकून बसले होते, पुढे प्रतींचा ढीग. ते प्रत्येकाला सांगत होते, "एकच पान आहे. पाच मिनिटं लागतील." पालक हसून मान डोलवत आणि फलकापुढे आपल्या मुलामुलींना उभे करून फोटो काढत. एका गृहस्थाने तर सरांनाच सांगितले, "जरा बाजूला होता का? चारचा आकडा झाकला जातोय."

सर बाजूला झाले.

त्या गर्दीत, वाचक महोदय, आपल्या मुलीला घेऊन आपणही आला होतात. आपल्याला आठवत नसेल. माझे काम मोजण्याचे असल्याने मला आठवते. फलकाचे आपण तीन फोटो काढलेत आणि त्यांतला एक तिथूनच नातेवाइकांना पाठवलात. सरांच्या हातून खुलाशाची प्रत घेणारे दिवसभरात आपण एकटेच, हे मी कक्षाच्या वतीने कृतज्ञतापूर्वक नमूद करतो. कोऱ्या बाजूवर आपण परतीच्या बसच्या वेळा लिहून घेतल्यात.