वाढत्या मापाची टोपी

जव्हारच्या बाजारपेठेत शिंपी बरेच आहेत, पण गिऱ्हाईक पायरी चढतानाच त्याच्या कमरेचं माप सांगणारा एकच. तो मी, जमाल टेलर! म्हणूनच नाशिकच्या डॉक्टरीणबाई जेव्हा म्हणाल्या की त्यांच्या यंत्राचा पट्टा माझ्या मुलीच्या डोक्यावर टिकत नाही, तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "मॅडम, यंत्र तुमचं, डोकं आमचं. मधलं माझ्यावर सोडा."

थोडं मागे जातो, नाहीतर तुमचा गोंधळ होईल. गोष्ट दोन हजार सातची. माझी आसमा तेव्हा दहावीत होती. पोरगी हुशार, पण एका जागी बूड टेकेल तर शपथ! गणिताच्या वहीत तीन उदाहरणं सोडवलेली आणि चौथ्याच्या जागी खिडकीवरचा सरडा, शेपटीसकट. तीन तासांच्या पेपरातून ही पाऊण तासात बाहेर. येत नाही म्हणून नव्हे, तर बाहेर काहीतरी चाललेलं असतं म्हणून. शेवटी मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं, सहामाहीचे सगळे पेपर ही शेवटपर्यंत बसून लिहील तर बोर्डाचा फॉर्म भरू, नाहीतर पुढच्या वर्षी बघू.

मी हादरलो. आमच्या घरातून दहावीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. मी स्वतः आठवीत असताना मधल्या सुट्टीत एक पतंग बघायला म्हणून बाहेर पडलो, तो परत शाळेत गेलोच नाही.

त्याच सुमारास गावात या डॉक्टरीणबाईंचं, म्हणजे प्रगतीमॅडमचं शिबिर आलं. लक्ष न लागणाऱ्या मुलांसाठी. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज कपाळावर ठेवायचे, त्यांतून अगदी बारीक करंट सोडायचा, आणि तेवढी वीस मिनिटं मुलाने समोरची कोडी सोडवायची. सुई नाही, चिरफाड नाही, भूल नाही. मॅडमनी स्वच्छ सांगितलं की हे सगळं अजून अभ्यासाच्या पायरीवर आहे, गुण येईलच असं नाही.

माझी बायको शहरबानो 'करंट'पाशीच अडली. "पहिले स्वतःच्या डोक्याला लावा," ती मॅडमना म्हणाली. मॅडमनी निमूटपणे लावलं. बायको वीस मिनिटं त्यांच्याकडे चुलीवरच्या दुधाकडे बघावं तशी बघत राहिली, मग त्यांना घरचा पत्ता आणि सासूचं नाव विचारलं, दोन्ही बरोबर आल्यासारखं वाटलं तेव्हा कुठे तयार झाली. मी एकच शंका काढली, लाईट गेली तर? मॅडम म्हणाल्या, यंत्र बॅटरीवर चालतं. जव्हारच्या माणसाला विज्ञान पटायला याहून काय लागतं!

अडचण फक्त पट्ट्याची होती. आसमा मान हलवायची, पट्टा सरकायचा, आणि स्पंज कानाशी जाऊन बसायचे. तेव्हा मी ते वाक्य बोललो. मॅडमनी आठ दिवस दिले. त्यातले सात मी विचार करण्यात घालवले आणि आठव्या दिवशी सकाळी टोपी शिवली. निळं पॉपलीन, आत मऊ अस्तर, स्पंजासाठी दोन खिसे, हनुवटीखाली नाडी. नवरदेवाने घालावी अशी झाली होती.

मॅडमनी ती आसमाच्या डोक्यावर ठेवली आणि ती थेट नाकापर्यंत खाली आली.

"हे काय माप घेतलंत?" मॅडमनी विचारलं.

"वाढतं अंग आहे," मी समजावलं. "दोन वर्षं तरी निघायला नकोत?"

आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा. तीस वर्षांत मी एकाही पोराचा कपडा नेमक्या मापाचा शिवलेला नाही. इथले आईबाप पोराचं माप देताना आधी त्याच्या मोठ्या भावाकडे बोट दाखवतात! मॅडम म्हणाल्या की या वयात डोकं फारसं वाढत नाही आणि टोपी आजच बसायला हवी. मी म्हटलं, एवढंच ना! कॉलरमध्ये खोचलेली सुई काढली आणि टोपी डोक्यावर असतानाच मागून टाके घालायला घेतले. पाच मिनिटांत अशी बसली की बोटसुद्धा आत जाईना.

"अब्बा," आसमा म्हणाली, "माझी मान वळत नाही."

बघतो तर टोपी, तिची रिबीन, ओढणी आणि खुर्चीचं कव्हर, सगळं मी एकाच शिवणीत घेतलं होतं. शिवण मात्र सरळ होती, हे मी आजही सांगतो. मॅडम ब्लेड घेऊन पुढे आल्या, पण पॉपलीनवर ब्लेड चालवलेलं मला बघवत नाही. दोन मिनिटांत दुकानातून कात्री आणतो म्हणालो आणि निघालो.

दुकानासमोर दाभोसा गावाकडे जाणारी जीप उभी होती. आत बुध्या, माझं जुनं गिऱ्हाईक, आणि त्याची दहा माणसं.

"शेठ, पोरीचं लगीन हाय," बुध्या म्हणाला. "माप घेऊन टाक, जीप भरली का आमी चाललो."

आता लग्नाचं काम, नाही कसं म्हणायचं? मी जीपमध्ये चढून एकेकाची छाती, खांदा, बाही मोजत सुटलो. बुध्याच्या कॉलरवरून जरा वाद झाला. तो मिटला तेव्हा मी बाहेर बघितलं, तर बाहेर जव्हार नव्हतं! नदीचा उतार लागला होता.

दुसऱ्या जीपने परत पोचायला दोन तास गेले. मॅडमनी ब्लेडने मिनिटभरात मुलीला मोकळं केलं होतं आणि टोपीवरून बँडेज गुंडाळून पहिली बैठकही उरकली होती. आसमा कोपऱ्यात सरडा काढत बसली होती. मॅडम शहरबानोला एकेक प्रश्न विचारून कागद भरत होत्या. हातातलं काम अर्धवट टाकून दुसरीकडे जाणं होतं का? वस्तू विसरणं?

"एक पाय शिवलेली पँट तीन वर्षं खुंटीवर आहे," बायको सांगत होती. "बाजारात मीठ आणायला पाठवलं तर कोंबडी घेऊन येतात."

मला राग आला. "आसमाने पँट कधी शिवली?" मी दारातूनच विचारलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग मॅडम हळूच म्हणाल्या, "घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का, असा प्रश्न आहे. उत्तराला दोन ओळी असतात. तुमच्या बाईंनी मागचं पान मागून घेतलं."

मी जरा घाबरत विचारलं, मग ते स्पंज मलाही लावणार का? त्यांचा अभ्यास फक्त सतरा वर्षांपर्यंतच्या मुलांचा होता. मला नुसतं पाणी दिलं.

आसमाच्या दहा बैठका झाल्या, शहरबानोच्या देखरेखीखाली. मॅडमच्या सांगण्यावरून शाळेनेही तिला पहिला बाक दिला आणि दर तासाला व्हरांड्यात एक फेरी मारू दिली. गुण करंटचा की फेरीचा, ते मॅडमनाही सांगता येईना. पण सहामाहीचा प्रत्येक पेपर पोरीने घंटा होईपर्यंत लिहिला. ते ऐकून मी मशीनवर डोकं ठेवून रडलो.

राहिला बोर्डाचा फॉर्म. शुक्रवारी पाच वाजेपर्यंत पालकाने शाळेच्या ऑफिसात येऊन क्लार्कसमोर सही करायची होती. शाळा घरापासून दहा मिनिटांवर. मी शहाण्यासारखा तीन वाजताच निघालो! वाटेत पुण्याच्या पाहुण्यांनी गाडी थांबवून शिरपामाळचा रस्ता विचारला. आता रस्ता नुसता तोंडी सांगून कळतो का कुणाला?

साडेचारला मी शिरपामाळावर त्यांना महाराजांच्या मुक्कामाची जागा दाखवत होतो. खालून एक जीप धुरळा उडवत आली आणि आसमा उतरली. बाजारपेठेत आठ ठिकाणी विचारत ती तिथवर पोचली होती. तिने सरळ माझं मनगट धरलं. परतीच्या वाटेत मला दोनदा ओळखीचं माणूस दिसलं, पण तिने सोडलं नाही.

ऑफिसात पोचलो तेव्हा क्लार्क कपाटाला कुलूप घालत होता. त्याने आसमाकडे बघून विचारलं, "पालक आलेत का बरोबर?"

"आणलेत," आसमा म्हणाली. "पण सही आधी घ्या, सर. फार वेळ बसणार नाहीत."