महिरपी कंस आणि बाबांचं भाषण

मनगटदुखीवर मी रामबाण उपाय शोधला होता, आणि तो अख्ख्या ऑफिसला ऐकवूनही झाला होता!

त्याचं असं, मी प्रोग्राम लिहिते. त्यात पावलोपावली महिरपी कंस लागतो. आमची भाषा रोमन लिपीतली, पण काही अक्षरांच्या डोक्यावर टिंबं; त्या अक्षरांना जागा द्यायला आमच्या देशाच्या कीबोर्डवर तो सातच्या बटणावर दडलाय. अंगठ्यानं खालचं एक बटण दाबायचं आणि त्याच हाताचं बोट वर सातपर्यंत ताणायचं. दिवसातून चारशे वेळा! परदेशी मांडणीत तोच कंस करंगळीशेजारी. मी बहुतेक घरूनच काम करते. मग काय, घरच्या कॉम्प्युटरवर मी परदेशी मांडणी लावून टाकली. बटणांवरची अक्षरं जुनीच राहिली, पण बघतंय कोण? तीन आठवड्यांत बोटं तयार झाली; दुखणंही थांबेलच म्हटलं. घरात सांगायचं तेवढं राहून गेलं.

शनिवारी दुपारी सासरे कॉम्प्युटरवर बसले. बाबा जुने टायपिस्ट. नजर फक्त कागदावर. बटणांकडे बघायचं नाही, पडद्याकडे तर नाहीच! बत्तीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेल्या मित्राचा पाच वाजता निरोप समारंभ होता आणि भाषण बाबांचं होतं. दोन पानं खडखड टाइप केली, छापली आणि ओरडले, "सूनबाई! माझा मित्र कंसात गेला!"

बघते तर काय! आमच्या भाषेतल्या टिंबवाल्या अक्षरांच्या जागी सगळीकडे चौकटी कंस नि अर्धविराम. मित्राच्या नावातच तीन!

"बाबा, हाताने लिहिलेलंच वाचा ना."

"टायपिस्टनं? स्टेजवर? त्याच्यासमोर?" बाबांनी ती पानं घडी घालून बाजूला ठेवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पाच मिनिटं द्या. सगळं सुलटं करणारा प्रोग्राम लिहिते!"

आधी शहाण्यासारखी जुनी मांडणी परत लावली. आणि तिथेच घोळ झाला! बोटं आता परदेशी झालेली. कंस टाकायला जावं तर टिंबवालं अक्षर उमटायचं. एक चूक सुधारली की दोन नव्या!

"झालं?" बाबा कोट चढवून उभे.

"पाचच मिनिटं!"

"मघाशीही पाचच होती."

चार वाजून दहा मिनिटं झाली. साडेचारची बस. माझा प्रोग्राम अकराव्यांदा आपटला.

"सरक," बाबा म्हणाले. बसले, खुर्चीचा दांडा ओढून ती चांगली दोन इंच वर घेतली, कागद उभा केला आणि सुटले! बारा मिनिटांत दोन्ही पानं, एकही चूक नाही. मी भराभर छापून ती त्यांच्या हातात ठेवली.

रात्री स्वारी भलतीच खुशीत परतली. मित्र रडला म्हणे, आणि भाषणाचा कागद मागून घेऊन गेला. "टायपिंग सुंदर आहे म्हणाला," बाबा तीनदा सांगत होते. मलाही फार बरं वाटलं.

खुर्ची मात्र तशीच वर राहिली. मीही आळसानं ती खाली केली नाही. आणि काय सांगू, चार दिवसांत मनगट दुखायचं थांबलं! जुनीच मांडणी, कंस अजून सातवरच, तरी!

"खुर्ची बुटकी होती गं तुझी," बाबा म्हणाले. "मला वाटलं, तुला आवडते तशी."

तिकडे ऑफिसात माझं ऐकून नऊ जणांनी मांडणी बदललीय. त्यांना खुर्चीचं अजून सांगितलेलं नाही.