वांग्याचा नवस

सुकदेवने झाडापुढे हात जोडले नव्हते, चिमटा धरला होता. पण चाळीच्या मागच्या दारातून पाहणाऱ्या धुरपदाबाईला ते पाठीमागून कसं कळणार? तिला दिसलं ते एवढंच, की शेजारचा शिकलेला माणूस भल्या सकाळी अंघोळ करून, अनवाणी, एका वांग्याच्या झाडापुढे गुडघे टेकून बसलाय. झाडावर राख भुरभुरलेली आहे आणि फांदीला तो लाल दोरा बांधतोय.

सुकदेव भाजीपाला संशोधन केंद्रात सहायक होता. राख त्याने किडीसाठी टाकली होती आणि दोरा हाताने संकर केलेलं फूल ओळखू यावं म्हणून बांधला होता. अंघोळ मात्र नळाला पाणी त्याच वेळी येतं म्हणून.

गाव जळगावकडचं. सुरतेत येऊन बरीच वर्षं झाली, नोकरी पक्की झाली, पांडेसऱ्यात खोली मिळाली, पण एक दुःख काही जाईना. इथे भरताचं वांगं मिळत नव्हतं. सुरतेची वांगी लहानखुरी, जांभळी, भरून करायला झकास. पण भाजायला घेतली की हातात नुसती साल उरायची. गावाकडचं हिरवं, थोराड वांगं इथे लावलं की मर रोग लागून आडवं व्हायचं. तेव्हा दोघांची सोयरीक जमवायची, आईचं अंग आणि बापाची तब्येत घेतलेलं लेकरू जन्माला घालायचं, असा त्याचा बेत होता.

त्याचे साहेब भूपेंद्रभाई यांना हा बेत ऐकून हसू आलं होतं.

"सुकदेवभाई, केंद्राच्या जमिनीत तमारा भरीतसाठी जागा नथी. घरी करो. आई हिरव्या दांड्याची, बाप जांभळ्या. होळीपर्यंत आईच्या बियांतून जांभळ्या दांड्याचं रोप आणून दाखवलं, तर संकर खरा मानू. मग पुढच्या हंगामात एक वाफो तमारो."

त्या एका वाफ्यासाठी सुकदेवचा जीव टांगणीला लागला होता. गावाहून आणलेल्या बियांतून एकच झाड जगलं होतं. त्यावरच्या एका कळीतले पुंकेसर त्याने संध्याकाळी काढले, सकाळी काडेपेटीतून आणलेले सुरती वांग्याचे परागकण लावले, दोरा बांधला, फुलावर कागदी पिशवी चढवली आणि त्याच दुपारी केंद्राच्या कामाने आणंदला गेला. जाताना बायकोला, प्रमिलाला, बजावलं, "या झाडाला कुणाला शिवू देऊ नको. माझं सगळं यावर अवलंबून आहे."

प्रमिलाने हे वाक्य जसंच्या तसं धुरपदाबाईला सांगितलं. झालं.

आठवड्याने सुकदेव परतला, तर झाड दिसेना. दोरेच दिसत होते. लाल, गुलाबी, जरीचे, एक तर पॉलिस्टरचा. कापडाच्या गावात दोऱ्याला काय तोटा. कागदी पिशवी वाऱ्याने कुठल्या कुठे गेली होती, झाडाला बोटाएवढी वांगी धरली होती, आणि प्रत्येक वांग्याच्या देठाला बाकीच्यांत एक लाल दोराही होता. यातलं आपलं कोणतं?

"हे कुणी केलं?" त्याने विचारलं.

"मी कुणाला शिवू दिलं नाही," प्रमिला म्हणाली. "सगळ्यांनी लांबूनच बांधले."

सुकदेवने कात्री आणली. तशी धुरपदाबाई पदर खोचून मधे आली.

"सुकदेवभाऊ, नवस फिटना बिगर दोरा सोडाना नई. देव कोपस."

"अहो आत्या, हा देव नाही. वांगं आहे."

"मंग तुम्ही रोज सकाळे त्याना पाया काबर पडतस?"

याला उत्तर होतं, पण ते पुंकेसरापासून सुरू करावं लागलं असतं. शिवाय धुरपदाबाईशी वैर घेऊन पांडेसऱ्यात राहणं म्हणजे नळावर पाण्याला मुकणं. सुकदेवने विचार केला. नवस फिटेपर्यंत दोरा सुटणार नाही ना? मग नवस फेडूनच टाकू. प्रत्येकाने आपला दोरा सोडला की उरेल तो आपला.

पहिला नवस धुरपदाबाईचाच होता. सून महिनाभर तिच्याशी बोलत नव्हती. सुकदेव सुनेकडे, नूतनकडे गेला.

"बोलेन की," नूतन म्हणाली. "पण त्यांनी माझी सिरीयल चालू असताना टीव्ही बंद करायचा नाही."

दोन दिवस या दारातून त्या दारात निरोप पोहोचवून सुकदेवने तह घडवला. रात्री जेवताना नूतन सासूला म्हणाली, "भाजीत मीठ जास्त झालंय." हे बोलणं धरायचं की नाही यावर चाळीत चर्चा झाली. शेवटी धुरपदाबाईने धरलं आणि दोरा सोडला.

दुसरा चाळीतल्या रामदासचा. त्याला कापड रंगवायच्या प्रोसेस हाउसात दिवसपाळी हवी होती. सुकदेव त्याच्या मुकादमाला भेटला. मुकादमाच्या गॅलरीतला गुलाब फुलत नव्हता. सुकदेवने रविवारी जाऊन त्याची छाटणी केली, कलमाचे डोळे भरले, खत घातलं. रामदासला दिवसपाळी मिळाली.

तिसऱ्या दोऱ्याची मालकीण सुंदरा. तिचा नवरा निंबा असा घोरायचा, की भिंतीपलीकडच्या सुकदेवलाही तो नवस मनापासून पटला. त्याने निंबाला समजावलं, कुशीवर झोपायला लावलं, उताणा होऊ नये म्हणून पाठीशी सरकीची पिशवी बांधून दिली. एकदाची चाळ झोपली. सुंदराने दोरा सोडला आणि वर नारळ फोडला, तो सुकदेवने आनंदाने खाल्ला.

असं करत एकेक दोरा उतरला. वांगी वाढत होती, सुकदेव वाळत होता. केंद्रातून आला की तो कुणाच्या तरी भावाची, दिराची किंवा मालकाची समजूत घालायला बाहेर पडे. अखेर झाडावर दोन दोरे उरले. दोन्ही लाल, दोन्ही एकाच रिळातले.

"आता हा कुणाचा?" तो वैतागून म्हणाला.

प्रमिला तांदूळ निवडत होती. ती आणखी बारकाईने निवडू लागली.

"प्रमिला?"

"एक माझा आहे."

"कुठला?"

"ते नवस फिटल्याशिवाय सांगता येत नाही."

"बरं, नवस काय बोललीस?"

"तुमचा संकर जमू दे, म्हणून बोलले."

सुकदेवला एकदम भरून आलं. इतकी वर्षं तिने त्याच्या वांग्यांची चेष्टाच केली होती. पण लगेच त्याचं डोकंही ठिकाणावर आलं.

"अगं, मग दोरा सोड ना."

"जमल्याशिवाय कसा सोडू?"

"सोडल्याशिवाय जमलंय का ते कळणार कसं?"

यावर वाद काही मिटेना. कारण दोघांचंही बरोबर होतं.

शेवटी असं ठरलं, की दोन्ही वांगी पिवळी होईपर्यंत झाडावर ठेवायची, दोऱ्यासकट तोडायची आणि दोन कुंड्यांत वेगवेगळं बी टाकायचं. ज्याचा दोरा त्याच्या कुंडीला. होळीला थोडेच दिवस उरले असताना रोपं वर आली. एका कुंडीत सगळी हिरव्या दांड्यांची. दुसऱ्या कुंडीत बरीचशी जांभळ्या दांड्यांची.

सुकदेव कुंडीभोवती नाचायचाच बाकी राहिला. भूपेंद्रभाई स्वतः चाळीत आले, चष्मा वर करून दांडे पाहिले आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

"हाथ सारो छे तमारो. वाफो पक्को."

साहेब गेल्यावर सुकदेवने मोठ्या रुबाबात विचारलं, "आता फिटला ना नवस? सांग, तुझा दोरा कुठला होता?"

प्रमिलाने जांभळ्या कुंडीकडे बोट दाखवलं.

सुकदेवने हिरव्या कुंडीकडे पाहिलं. म्हणजे त्याने एवढी मेहनत केलेल्या फुलात एखादा पुंकेसर शिल्लक राहिला होता आणि त्या फुलाने आपला आपणच संसार उरकला होता. आणि प्रमिलाने नुसता दोरा बांधून सोडून दिलेल्या फुलावर धुरपदाबाईने दारात डब्यात लावलेल्या सुरती वांग्यावरून कुठलीतरी माशी येऊन काम करून गेली होती. साहेबांना हे सांगायला हवं, असं त्याला वाटलं. वाफा पेरून झाल्यावर सांगावं, असंही वाटलं.

"जाऊ दे," तो म्हणाला. "वाफा तर मिळाला. पावसाळ्यात लावू, हिवाळ्यात घरचं भरीत."

"ते जमणार नाही," प्रमिला म्हणाली. "नवसात सोडलंय ना. वर्षभर भरीत खायचं नाही."

"अगं, तू कशाला सोडलंस? एवढं आवडतं तुला."

"मी कुठे सोडलं? काम तुमचं अडलं होतं. तुमच्या नावाने बोलले."

सुकदेवने बोटांवर महिने मोजले. मग हळू आवाजात त्याने विचारलं, "वर्ष कधीपासून धरायचं?"

"नवस फिटल्यापासून," प्रमिला म्हणाली आणि कुंडीचा दोरा सोडला.