ओढायचं नाही, कापायचं

लॅबमधली कात्री जागेवर नव्हती, आणि आज नेमकी तीच हवी होती.

चिकटरावांनी भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहिलं. खिळा होता. खिळ्याखाली त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती : 'ही कात्री हलवू नये.' फक्त कात्री नव्हती. एरवीही त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायला फारसा वेळ लागत नसे. आज ती वाटेत कुठेच थांबली नाही.

"ताई! कात्री कुठंय?"

लॅबच्या मदतनीस ताई परीक्षानळ्या पुसत होत्या. सर ओरडले तरी ताईंचा हात अजिबात थांबत नसे, सवयच झाली होती. "स्वागतकक्षातल्या बाई घेऊन गेल्या. पुष्पगुच्छाची फीत कापायचीय म्हणाल्या."

"आणि तुम्ही दिलीत?"

"मी कुठे दिली? त्यांनी घेतली. आणि वर पाटी वाचून घेतली."

पगारपत्रकावर या गृहस्थांचं चांगलं भारदस्त नाव होतं, पण कारखान्यात ते कुणाच्या तोंडी नव्हतं. एकोणीस वर्षं ते वंगणात घालायचं एक पॉलिमर तयार करत होते. काचेसारखं स्वच्छ, मधासारखं दाट. पिंपभर तेलात ते ओंजळभर मिसळलं की तेल यंत्राच्या साखळीला धरून राहायचं. साखळी कितीही गरगरली तरी उडायचं नाही, पाण्याने धुऊन जायचं नाही. एवढं मोठं काम, आणि त्याचं बक्षीस काय, तर 'चिकटराव' हे नाव. घरी तरी काय निराळं होतं? बायको शेजारणीला सांगायची, "हे तेलात असतात," आणि शेजारीण विचारायची की डबा स्वस्तात मिळेल का. एकदा त्यांनी सासूबाईंना जेवण होईस्तोवर सगळं नीट समजावून सांगितलं होतं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे भेसळच की!"

हा अपमान त्यांनी गिळला होता. पण आजचा गिळण्यासारखा नव्हता. अकरा वाजता कंपनीच्या मोठ्या मॅडम येणार होत्या आणि त्यांच्यापुढे खरेदीसाहेबांचा प्रस्ताव होता : हे पॉलिमर बंद करावे. खरेदीसाहेबांचं म्हणणं असं, की तेल घसरण्यासाठी असतं, त्यात चिकट पदार्थ घालणं म्हणजे पळणाऱ्याच्या पायात दोरी बांधणं. मॅडमनी सही केली की लॅबला कुलूप, आणि चिकटरावांची बदली पॅकिंग विभागात, डब्यांची झाकणं घट्ट बसलीत का ते बघायला.

चिकटरावांनी फक्त दहा मिनिटं मागून घेतली होती. हाताने फिरवायच्या दोन साखळ्या, प्रत्येकीच्या मागे एक पांढरा कागद. एकीला साधं तेल, दुसरीला त्यांचं. फिरवायच्या आणि गप्प उभं राहायचं. साधं तेल कागदभर शिंतोडे उडवणार, त्यांच्या तेलाचा कागद कोरा राहणार. पण त्यासाठी आधी बरणीतलं पॉलिमर तेलात घालायला हवं होतं, आणि तिथंच कात्री लागत होती.

कारण हा पदार्थ ओतता येत नाही. त्याचे रेणू इतके लांब आणि एकमेकांत इतके गुंतलेले, की एक धार बरणीच्या काठावरून बाहेर आली की ती मागच्या मालाला ओढत आणते. बरणी सरळ उभी असली तरी माल आपला आपण काठ चढून बाहेर येतो. म्हणून काचेच्या कांडीने हवा तेवढा वर घ्यायचा आणि कात्रीने तोडायचा. ओढायचं नाही, कापायचं, हा लॅबचा पहिला नियम. बरणी तर सकाळपासून झाकण काढून मंद उबेवर ठेवलेली होती, माल मऊ व्हावा म्हणून.

"ताई, बरणीजवळ कुणाला फिरकू देऊ नका. मी आलोच," असं म्हणून चिकटराव निघाले.

स्वागतकक्षातल्या बाई पुष्पगुच्छाला पाणी शिंपडत होत्या. "ती कात्री होय, सर? ती कॅन्टीनवाल्यांनी नेली. दुधाच्या पिशव्या कापायला."

"बाई, प्रयोगशाळेचं उपकरण आहे ते!"

"कात्रीच आहे ना, सर?" बाईंनी अगदी निरागसपणे विचारलं.

कॅन्टीनवाल्याने तर आपल्यावर उपकार केल्याच्या थाटात सांगितलं, "चांगली घासूनपुसून ठेवली होती साहेब. किती घाण होती हो! मग फाटकावरचा रखवालदार घेऊन गेला."

फाटकावर रखवालदार मॅडमच्या स्वागतासाठी कुंपणाची झुडपं छाटत होता. त्याच कात्रीने. पात्यांना हिरवा चीक लागला होता, मधल्या खिळीत अर्धं पान अडकलं होतं आणि एक मूठ वाकली होती. रखवालदाराने ती दोन्ही हातांनी अदबीने पुढे केली.

"धार नाही हो हिला, साहेब. अशी कात्री कशाला ठेवता?"

चिकटरावांना त्याला निदान बारा गोष्टी सुनवायच्या होत्या. पण अकरा वाजायला आले होते. कात्री हिसकावून घेऊन ते तरातरा परत फिरले.

लॅबचं दार उघडलं आणि ते उंबऱ्यातच थबकले. समोर खुर्चीत खरेदीसाहेब बसले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, उजव्या हाताचं पहिलं बोट वर. त्या बोटापासून निघालेली एक चकचकीत तार खोली ओलांडून थेट बरणीत गेली होती.

"मी सांगितलं होतं," ताई म्हणाल्या. "हात लावू नका म्हटलं. तर म्हणाले, आमच्या वडिलांचं तेलाचं दुकान होतं, तेल बोटावर घेतल्याशिवाय मला कळत नाही."

"मग? कळलं का?" चिकटरावांनी विचारलं.

"हे सुटत का नाहीये?" खरेदीसाहेब रडवेले झाले होते. खरं तर बिचाऱ्यांनी काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. बोट मागे घेतलं, तार आली. चार पावलं मागे गेले, तार चार पावलं लांबली. रुमालाला पुसलं, तर रुमाल बोटाला राहिला. रुमाल पडद्याला पुसला, तर पडदा खाली आला. तेवढ्यात फोन वाजला, तो त्यांनी डाव्या हाताने घेतला, आणि पलीकडच्याने केव्हाच ठेवला तरी यांना तो ठेवता येईना. इकडे बरणीतला माल शांतपणे काठ चढून टेबलावर उतरला होता आणि साहेबांच्या मागोमाग निघाला होता.

आता मात्र चिकटरावांचा बांध फुटला.

"अहो, ओंजळभर! पिंपभर तेलाला ओंजळभर पुरतं हे, आणि तुम्ही पाच पिंपांचा माल पडद्याला पुसलात! एकेक रेणू म्हणजे लाखो कड्यांची साखळी असते. तेल थंड असतं तेव्हा तो वेटोळं करून गप्प बसतो. तापून पातळ व्हायला लागलं की अंग पसरतो आणि तेलाला सावरून धरतो. साखळी गरगरली तरी थेंब उडत नाही, ना जमिनीवर, ना कामगाराच्या अंगावर. भर पावसात ठेवा, धुऊन जाणार नाही. आणि तुम्ही म्हणता घसरणाऱ्या वस्तूला चिकट कशाला! अहो, तेल जागेवर राहिलं तरच घसरेल ना काही त्याच्यावरून? एकोणीस वर्षं सांगतोय!"

"मला आजच कळतंय," खरेदीसाहेब प्रामाणिकपणे म्हणाले. "आधी हे सोडवा. मॅडम येतील."

चिकटरावांनी दातओठ खात कात्री उघडली आणि तार पात्यांमध्ये धरून दाबली. कुंपण छाटून आलेल्या कात्रीने तार कापली नाही, चावली. तार दोन पात्यांच्या मध्ये शिरली, कात्री मिटली आणि पुन्हा काही केल्या उघडेना.

"प्रथमोपचाराच्या कपाटात एक छोटी आहे," ताई म्हणाल्या. "पण किल्ली स्वागतकक्षातल्या बाईंकडे असते."

बाई पुष्पगुच्छ घेऊन फाटकावर गेल्या होत्या. चिकटराव पुन्हा फाटकापर्यंत पळाले. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, पांढरा कोट उडवत, अख्ख्या कारखान्यासमोर. बाईंनी आधी पुष्पगुच्छ त्यांच्या हातात दिला, मग पर्स उपसली, मग आठवून कमरेची किल्ली काढली. तेवढ्यात मॅडमची गाडी आत शिरली. पुष्पगुच्छ बाईंच्या अंगावर टाकून चिकटराव उलट पळाले. कपाट व्हरांड्याच्या पार टोकाला होतं. किल्ली फिरली, कापूस खाली आला, पट्ट्या खाली आल्या, आणि सगळ्यात शेवटी बोटभर लांबीची कात्री सापडली.

ते लॅबशी पोचले तेव्हा आत मॅडमचा आवाज येत होता. चहा नंतर, आधी लॅब, असं म्हणून त्या सरळ इकडेच आल्या होत्या. चष्मा सावरत त्या तारेच्या कडेकडेने चालत होत्या. आणि बोट वर करून, खुर्चीत ताठ बसून, खरेदीसाहेब बोलत होते.

"पिंपभर तेलाला ओंजळभर पुरतं, मॅडम. एकेक रेणू म्हणजे लाखो कड्यांची साखळी. थंडीत वेटोळं करून बसतो, तापलं की अंग पसरतो. साखळी गरगरली तरी थेंब उडत नाही. भर पावसात ठेवा..."

चिकटरावांना क्षणभर स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. शब्द त्यांचे, क्रम त्यांचा, पावसातला आवेशसुद्धा त्यांचा.

"आणि हे तुम्ही स्वतः करून दाखवताय?" मॅडमनी विचारलं.

"स्वतः अनुभव घेतल्याशिवाय मी बोलत नाही, मॅडम. वडिलांची शिकवण."

"पण बंद करायचा प्रस्ताव तर तुमचाच होता ना?"

"होता ना. म्हणूनच सही व्हायच्या आत खात्री करून घेतली. तेल जागेवर राहिलं तरच त्याच्यावरून काही घसरेल, हा साधा मुद्दा लोकांच्या लक्षात येत नाही."

मॅडमनी मान डोलावली, फायलीतला प्रस्ताव काढला, त्यावर ठळक अक्षरांत 'नामंजूर' लिहिलं आणि सही केली. लॅब वाचली. पॉलिमर वाचलं. पॅकिंगमधली झाकणं टळली. चिकटरावांना आनंद झाला नाही असं नाही, एका परीक्षानळीत मावेल एवढा झाला. बाकी सगळा संताप होता.

"आणि हे कोण?" दाराकडे पाहत मॅडमनी विचारलं.

"हे होय? आमचे लॅबचे," खरेदीसाहेब म्हणाले. "कात्री आणायला गेले होते."

चिकटरावांनी हातातली बोटभर कात्री कच्चकन मिटली. मॅडमचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या हसतमुखाने खरेदीसाहेबांकडे वळल्या. "आपली चूक अशी जाहीर दुरुस्त करणारी माणसं फार कमी. अभिनंदन!" आणि त्यांनी हात पुढे केला.

ताईंनी तोंड उघडलं. चिकटरावांनी त्यांच्याकडे फक्त पाहिलं. ताईंनी तोंड मिटलं आणि एक स्वच्छ परीक्षानळी पुन्हा पुसायला घेतली.

कौतुकाने फुललेल्या खरेदीसाहेबांनी भान विसरून उजवा हात पुढे केला. हात मिळाले, मनापासून हलले, आणि सुटले. म्हणजे पंजे सुटले. मधल्या पन्नासेक तारा सुटल्या नाहीत. मॅडम दचकून मागे सरल्या, तशा ताराही निघाल्या. फाईल वाचवायला त्यांनी दुसरा हात घातला, तर फाईल त्या हाताला आली. चष्मा घसरला म्हणून मनगटाने वर केला, तर मनगट आणि चष्मा यांच्यात एक नवी तार झाली.

"हे... हे सोडवायचं कसं?" मॅडमनी खरेदीसाहेबांना विचारलं.

खरेदीसाहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. चिकटरावांच्या मघाच्या बोलण्यात तेवढंच राहून गेलं होतं.

"साहेब सांगतील," चिकटराव दारातून म्हणाले. "प्रात्यक्षिक त्यांचं आहे. मी फक्त कात्री आणतो."

मॅडमनी खरेदीसाहेबांच्या बोटाकडे पाहिलं, जमिनीवरच्या पडद्याकडे पाहिलं, मग दारातल्या, धापा टाकणाऱ्या, कोटाला पुष्पगुच्छाची पाकळी चिकटलेल्या माणसाकडे पाहिलं. एवढी मोठी कंपनी त्या उगीच चालवत नव्हत्या.

"हे तुम्ही बनवता?"

"एकोणीस वर्षं."

"मग सोडवा."

"आधी हलू नका," चिकटराव म्हणाले. मॅडमना असं हुकमी आवाजात कुणी बोलल्याचं कारखान्यात कुणाला आठवत नव्हतं. "कात्रीने नुसत्या तारा तुटतील, हात सुटणार नाहीत. साबणाने निघत नाही. रॉकेलचा बोळा घ्यायचा आणि सावकाश, एकेक बोट. पाऊण तास लागेल."

"पाऊण तास? मला साडेअकराला बैठक आहे!"

"ओढलंत तर दोन तास."

मॅडम दोन्ही हात पसरून आहेत तशा उभ्या राहिल्या. ताई रॉकेलची बाटली आणि कापूस घेऊन आल्या आणि त्यांनी मॅडमच्या करंगळीपासून सुरुवात केली. मधूनमधून खरेदीसाहेब "माझं?" असं विचारत होते. ताई त्यांना "बघू" म्हणत होत्या.

चिकटरावांनी स्टूल ओढून घेतलं. कपाटातून चाळीस पानांचा एक अहवाल काढला, त्यावरची धूळ झटकली, चष्मा लावला आणि मॅडमच्या अगदी समोर बसले.

"सुरुवातीपासून सांगतो," ते म्हणाले.

पहिल्या पानावर नुसती अनुक्रमणिका होती. तीही त्यांनी वाचून दाखवली.