उलटा जोर

आमचे शेजारी शिवरामकाका स्कूटरचा ब्रेक एकदा दाबला की पूर्ण थांबत. समोरची कोंबडी केव्हाच पलीकडे गेलेली असली तरी पाय जमिनीला टेकवत आणि मगच पुन्हा निघत. सापगावहून शहापूरला जाताना मी मागे बसून एकदा मोजले. अकरा वेळा थांबलो. त्यातल्या चार कोंबड्या.

काका मुंबईला विमानतळावर इंजिनदुरुस्तीच्या कामाला होते. निवृत्त होऊन गावी आले ते एकच नियम घेऊन. "उलटा जोर लावला, का परत उडायचं नाय."

मी अर्थ विचारला. विमान टेकले की इंजिनांचा झोत पुढच्या बाजूला वळवतात, त्याने वेग आवरतो. त्यानंतर वैमानिकाने विचार बदलून पुन्हा उड्डाण करायचे नसते. झोत वळवणाऱ्या झडपा मिटायला काही सेकंद लागतात, तेवढ्यात धावपट्टी सरते.

"नि येकच झडप मिटली तर? गाडीचा येक बैल पुढं वढतो, दुसरा मागं. जाशील कुठं?"

एवढे अवाढव्य धूड, शेकडो माणसे, आणि सगळा हिशेब त्या काही सेकंदांचा!

घरात मात्र या नियमाचा जाच होता. चहाला नको म्हटले की नकोच. "मंग बसा वास घेत," काकू म्हणत. मुलगी सुनंदाने स्वतःच्या पसंतीने लग्न केले, तेव्हा काकांनी "या घरात येव नको" म्हणून सांगितले. ते तीन वर्षे चालले.

एका रविवारी सकाळी मी त्यांच्या ओटीवर पेपर वाचत होतो. काका सुपारी कातरत होते. फाटकातून सुनंदा आली. पायरीशी तिने एक चप्पल काढली, बापाकडे पाहिले. अडकित्ता थांबला. तिने पाय पुन्हा चपलेत सरकवला.

"थांब गो!" काका ओरडलेच. "चप्पल काढलीस ना? आता परत फिरायचं नाय."

"बाबा, तुमीच म्हणालेलात, येव नको."

"म्हणालेलो. पन नियम टेकलेल्या विमानाचा हाय."

ते पायरीवर बसले. तिच्या दोन्ही चपला त्यांनी स्वतःच्या हाताने काढल्या आणि भिंतीशी ठेवल्या, घराकडे तोंड करून.