शांत मासे पाहिजेत

कुणाला कुणाशेजारी बसवावं, या बाबतीत माझा हात धरणारं माणूस अजून जन्माला यायचंय! उगाच फुशारकी मारत नाही हं. मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते आणि समोरच्या बाकांवर माणसं बसवते. ऐकायला सोपं वाटतं ना? एक दिवस बसून बघा! आतून मशीनची घुर्रर्र चालू असते, कुणीतरी ‘आऽऽ’ करत असतं, आणि बाहेरच्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं असतं. अशा वेळी भित्र्याशेजारी भित्रा बसवला की संपलं. दोघं एकमेकांकडे बघतात आणि जोडीनं उठून चालू पडतात. म्हणून मी भित्र्याशेजारी बडबड्या बसवते, रडक्याशेजारी एखादी मायाळू आजी बसवते आणि तापट माणसाला दाराशी बसवते. तो तिथं राखणीला बरा पडतो.

तरी माणसं पळायचीच. आमच्याकडे दारात चपला काढाव्या लागतात, आणि पळणारा काही चपला घालायला थांबत नाही. त्या सगळ्या मी एका कपाटात नीट लावून ठेवल्यात. माणूस दुखऱ्या दाढेसाठी एक वेळ परत येईल, चपलांसाठी येत नाही!

या सगळ्यात मुरलेले म्हणजे आमचे हेडमास्तर. आता निवृत्त झालेत, पण एके काळी त्यांच्या नुसत्या खाकरण्यानं अख्खी शाळा चिडीचूप व्हायची म्हणे. तर या वाघाची दाढ अर्धी कोरून तशीच राहिलेली. दर वेळी यायचे, घाम पुसायचे, “जरा पाय मोकळे करून येतो,” म्हणायचे आणि जे पाय मोकळे व्हायचे ते थेट घरापर्यंत! त्यांच्या चपला तर मी वेगळ्या खणात ठेवायचे.

एक दिवस आमच्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. हातमोजे चढवलेले, आणि बाक रिकामे.

“गेले?”

“गेले, मॅडम.”

त्या मटकन बाकावर बसल्या. “हे बघ, असंच चाललं तर महिनाअखेरीला दवाखाना बंद करते. मोठ्या हॉस्पिटलवाले कधीचे बोलावताहेत. तिथं निदान पेशंट पळाला तर लिफ्टपाशी तरी सापडतो.”

“आणि मी?”

“तुला तिथं घेतील की नाही, मला खरंच सांगता येत नाही गं.”

आमच्या ह्यांचं काम आज असतं, उद्या नसतं. घर चालतं ते या काउंटरवर! मी गालात लवंग सरकवली. लवंग चघळायची सवयच आहे मला, त्याशिवाय डोकं चालत नाही. आणि चाललं की हो!

“मॅडम, माशांची टाकी ठेवू या! पोहणाऱ्या माशांकडे बघत बसलं की माणसाचा जीव शांत होतो. मी कुठंतरी वाचलंय.”

मॅडमनी हातमोजे उतरवले. “ठीक आहे. पण टाकी छोटी आण. आणि मासे शांत आण. शांत! कळलं?”

“मॅडम, कुणाशी कुणाचं पटेल हे तुम्ही मला सांगता?” मी हसून म्हटलं.

झालं! संध्याकाळी मी टाक्यांच्या दुकानात हजर. चौफेर काचा, आणि काचेकाचेत मासे. दुकानदार मोठा गोड माणूस. त्याच्या तोंडी एकच शब्द, ‘चालेल’.

मी एकेका टाकीपुढे उभी राहून माशांना नीट न्याहाळलं. आधी गप्पी घेतले. इवलेसे, लांब झुळझुळीत शेपट्यांचे, जरा काचेला बोट लावलं की कोपऱ्यात पळणारे. अगदी आमचे पेशंट! मग एक एंजल घेतला. उंच, ताठ, संथ चालीचा, लांब परांची झालर सोडून मिरवणारा. मोठ्या घरातली आजीच जणू. आता या शांत मंडळींना बोलतं करणारं कुणीतरी हवंच ना? तेवढ्यात दिसले टायगर बार्ब! अंगावर काळे पट्टे, एक क्षण स्वस्थ नाहीत, याच्या मागे, त्याच्या पुढे, नुसता धुडगूस.

“हे बडबडे दिसतात,” मी म्हटलं. “यांची एक जोडी द्या.”

“दहाबारांचा घोळका नेतात लोक. म्हणजे आपसात दंगा करतात, दुसऱ्यांना त्रास नाही.”

“छे! बडबडे दहाबारा एकत्र बसवले तर शांत माणसानं बोलायचं कधी? जोडीच चालेल ना?”

“चालेल की!”

मग एका बरणीत एकटाच बसलेला एक मासा दिसला. निळा, झुबकेदार, कपाळाला आठ्या घातल्यासारखा. माझी नजर जाताच त्यानं गालफडं फुगवली.

“हा एकटा का?”

“फायटर आहे ताई. जरा तापट असतो.”

मी मनात म्हटलं, मिळाला! तापट माणूस दाराशी, राखणीला! “हा गप्पींची राखण करील ना?”

दुकानदारानं माशाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “चालेल!” म्हणाला आणि पिशवीला गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी टाकी मांडली, दिवा लावला, हवेची नळी सोडली, बुडबुडे सुरू झाले. अहाहा! पहिल्यांदाच आमच्या बाकांवरची माणसं दाराकडे न बघता टाकीकडे बघत होती. हेडमास्तरसुद्धा हात मांडीवर ठेवून बसले होते. मॅडमनी आतून डोकावून मला मान डोलावली. मी तर मनातल्या मनात पगारवाढ मागून मोकळी झाले.

एवढ्यात हेडमास्तर म्हणाले, “बाई, त्या पट्टेवाल्यानं आत्ता त्या उंच माशाला चिमटा काढला.”

“खेळताहेत, सर.”

“मी पस्तीस वर्षं शाळा चालवली आहे. खेळणं वेगळं आणि हे वेगळं!”

मी वाकून बघितलं. एक बार्ब एंजलच्या पुढून जाऊन त्याला गुंतवत होता आणि दुसरा मागून त्याच्या झालरीचा लचका तोडत होता. तोडून झाला की जागा बदलत होते! बिचारा एंजल मान वळवेपर्यंत मागची झालर अर्धी झाली. आणि माझा राखणदार? गप्पींच्या शेपट्या आपल्यासारख्याच झुबकेदार बघून त्याचं माथं असं फिरलं, की तो एकेकाला टाकीभर पळवत सुटला. कुंपणच शेत खायला निघालं हो!

“अगं बाई, चावतोय! चावतोय!” गाल सुजलेल्या एक काकू किंचाळल्या.

आत खुर्चीत एक बसड्रायव्हर आ वासून पडले होते. ‘चावतोय’ ऐकून त्यांनी दचकून जबडा मिटला. मधे मॅडमचं बोट! मॅडम ओरडल्या, त्या ओरडल्या म्हणून काकू आणखी ओरडल्या, आणि बाकांवरचे लोक उठून दाराशी. पळता भुई थोडी! त्या दिवशी कपाटात नव्या जोड्यांना जागा पुरेना.

“हे शांत मासे?” मॅडमनी पट्टी बांधलेलं बोट माझ्या नाकासमोर धरलं.

“नवीन जागा आहे, मॅडम. रुळतील.”

“महिना संपत आलाय,” एवढंच म्हणून त्या आत गेल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी दुकानदाराला फोन लावला. “मासे मारामारी करताहेत!”

“करणारच! लपायला आडोसा द्या. मडकं, दगड, काहीतरी पोकळ.”

“पोकळ काहीही चालेल?”

उत्तर तुम्हाला ठाऊकच आहे.

आता दवाखान्यात मडकं कुठून आणू? इकडे शोधलं, तिकडे शोधलं, आणि काउंटरखाली सापडला आमचा जबडा! म्हणजे दात कसे घासायचे ते लहान मुलांना दाखवायला मॅडमनी ठेवलेला प्लास्टिकचा मोठा जबडा. गुलाबी हिरड्या, पांढरेशुभ्र दात, मागे बिजागरी. आतून छान पोकळ. स्वच्छ धुतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच टाकीच्या मधोमध ठेवला. म्हटलं, बिचारे गप्पी आत दाढांमागे लपतील.

गप्पी आत शिरलेच नाहीत. फायटर शिरला! आणि शिरला तो तिथंच ठाण मांडून बसला. त्यात माझ्याकडून हवेची नळी नेमकी जबड्याखाली राहिली होती. बुडबुडे आत साठायचे, वरचा जबडा हळूहळू, हळूहळू उघडायचा, आतून तो निळा प्राणी गालफडं फुगवून दात ओलांडून बाहेर झेपावायचा, कुणाची तरी शेपूट धरायचा, आणि परत आत. मग बुडबुडे सुटायचे आणि जबडा मिटायचा. खाट्!

मी काही करणार तोवर पेशंट यायला लागले होते. पहिले हेडमास्तर. ते टाकीपुढे उभे राहिले. जबडा उघडला. फायटरनं त्यांच्याकडे बघितलं. जबडा मिटला.

“बाई,” हेडमास्तरांचा आवाज पार खोल गेला होता, “हा जबडा कुणाचा?”

“अहो सर, तो नुसता दाखवायला ठेवलाय!”

“दाखवायला!” त्यांनी भिंतीला हात टेकला. “म्हणजे उपचार अर्धे टाकून गेलेल्यांना?”

मी “अहो, तसं नाही!” म्हणेपर्यंत गाल सुजलेल्या काकू आत आल्या. मागोमाग बसड्रायव्हर. जबडा उघडला, मिटला, खाट्! काकूंची दातखीळ बसली. आता एंजलच्या अंगावर झालर म्हणून राहिली नव्हती, आणि बार्बची जोडी कंटाळून जबड्याचे दात टोचून बघत होती.

मला वाटलं, संपलं. आता हे सगळे पळणार, मॅडम दवाखान्याला कुलूप लावणार आणि मी उद्यापासून घरी बसणार! रडूच यायला लागलं. मी डोळे मिटून घेतले, पळणाऱ्या अनवाणी पावलांच्या आवाजाची वाट बघत.

पण आवाज आला तो मॅडमच्या दाराचा. धाड् धाड् धाड्!

“मॅडम, मला आत घ्या!” हेडमास्तर दार बडवत होते. “माझी दाढ अर्धी आहे! आत्ताच्या आत्ता पुरी करा!”

“ओ सर, रांगेत या! माझा नंबर आहे!” बसड्रायव्हर.

“बायकांना आधी सोडा की!” काकू.

बाहेर बसायला कुणी तयार नाही! टाकीपुढल्या बाकापेक्षा मॅडमची खुर्ची बरी, असं एकमत झालं. आत जाऊन आडवे पडायचे, आ करायचे, डोळे मिटून म्हणायचे, “करा काय करायचं ते, फक्त लगेच बाहेर पाठवू नका.” हेडमास्तरांची दाढ त्या दिवशी पुरी झाली. झाल्यावर त्यांनी स्वतः कपाट उघडून आपल्या सगळ्या चपला पिशवीत भरून नेल्या.

संध्याकाळी मॅडम बाहेर आल्या. थकलेल्या, पण चेहरा उजळलेला. “काय केलंस तू? आज एकही पेशंट पळाला नाही! हॉस्पिटलवाल्यांना मी नाही म्हणून कळवलं.”

मला त्यांच्या गळ्यातच पडावंसं वाटलं. “मॅडम, तेवढे गप्पी आणि एंजल घरी नेते. हाल बघवत नाहीत त्यांचे.”

“ने. बार्बही ने. पण त्या निळ्याला आणि जबड्याला हात लावायचा नाही!”

तेव्हापासून गप्पी आमच्या बादलीत आहेत, एंजल मोठ्या पातेल्यात आहे, बार्ब लोणच्याच्या बरणीत आहेत, आणि आमचे हे नळाखाली बसून अंघोळ करतात. एकाच छताखाली सगळे सुखात आहेत, म्हणजे ह्यांना सोडून. दवाखान्यातल्या टाकीत एकटा फायटर राज्य करतो. शेवटी जोडी जुळवण्यात चुकत नाही हो मी! त्याचं जबड्याशी छान पटलंय.

गोष्ट इथंच संपली असती. पण काल पेशंट भराभर आटोपले, आणि मॅडम हात पुसत काउंटरपाशी आल्या.

“बरं झालं, आज वेळ आहे. चल, बस खुर्चीत.”

“कोण, मी? मला काय झालंय?”

“दोन वर्षं बघतेय. लवंग कायम डाव्या गालात आणि जेवण कायम उजव्या दाढेनं! डोकं चालावं म्हणून चघळतेस होय? ये, आ कर. पाच मिनिटांचं काम आहे.”

मी आतल्या खुर्चीकडे बघितलं. मग वळून टाकीकडे बघितलं. जबडा सावकाश उघडला. निळ्यानं माझ्याकडे बघून गालफडं फुगवली. खाट्!

“मॅडम,” मी म्हटलं, “जरा पाय मोकळे करून येते.”

आता दवाखान्यातल्या त्या कपाटात, हेडमास्तरांच्या रिकाम्या झालेल्या खणात, एक लेडीज चपलांचा जोड आहे. मॅडमनी स्वतः नीट लावून ठेवलाय म्हणे. उद्या कामावर तर जायलाच हवं... सोबतीला कुणी येतं का हो? तुमचे दात धड असले तरी चालेल!